बेचाळीसवरून अठ्ठ्याहत्तर

११ मे, सकाळी ९.४०
माझ्या दाखले काढून देण्याच्या दुकानात. गिऱ्हाइकाच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरत होतो. ब्राउझर उघडला आणि कोपऱ्यातला प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा ४२ वरून ७८ वर. एका सेकंदात! पंखा घर्रकन ओरडला. तीन सेकंदांनी ५१, पंखा गप्प. परभणीहून आणलेला हा जुना डेस्कटॉप, आज तिसरा दिवस. सात दिवसांत परत घेतील, पण कॅबिनेटच्या झाकणावरचा सीलचा स्टिकर फाटला तर नाही. दोन वर्षांची सगळी बचत यात आहे.

दुपारी परभणीच्या दुकानदाराला फोन केला. "अरे भाई, कंप्यूटर चालायलाय ना? मग? ते मीटर बघू नको."
उलट वही आखली. वेळ, तापमान, तेव्हा काय करत होतो.

१२ मे
घरचा कूलर आणून कॅबिनेटसमोर लावला. आई डबा घेऊन आली. "घरात आमी उकडून मरायलोत अन् तू खोक्याला वारं घालायलास? लगीन हाय का त्याचं?"
कूलरच्या हवेने कागद दमट. प्रिंटरने तीन पाने एकदम ओढली. तापमान ४२ ऐवजी ३८. पण ब्राउझर उघडला की ७४. म्हणजे उडी तेवढीच, ३६ अंशांची! कूलरने खालचा आकडा हलतो, उडी हलत नाही. दोनदा अधोरेखित. कारण बाहेरच्या हवेत नाही.
कूलर घरी पोचवला.

१३ मे
चौथा रकाना वाढवला, प्रोसेसरचा वेग. सापडले!! क्लिक केले की वेग एकदम तिपटीहून जास्त, त्याच क्षणी तापमान वर. काम संपले की दोन्ही खाली. एकवीस नोंदी, एकही चुकली नाही. जेवण थंड झाले.
पण इतक्या लवकर तापून इतक्या लवकर निवते कसे? हे अजून...

१४ मे
सुदाममामा आला. आईचा भाऊ, पूर्णा स्टेशनात गाड्यांची चाके तपासतो. वही पानोपान वाचली.
"गाडी आली की आमी चाकाजवळच्या पेटीला हात लावून बघतो. पळून आलेली गाडी गरम असणारच की. एकच पेटी चटका द्यायली, तर डबा काटायचा, गाडीतून बाजूला काढायचा. तुझा आकडा कुठला हाय?"
"चिपच्या आतला. तिच्यावर ठोकळा बसवलेला असतो."
"अन् त्या ठोकळ्याचा?"
उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा. तो मी पाहिलाच नव्हता.
"मंग हात लाव की, सायेब!"
हात लावायचा तर स्टिकर कापावा लागतो. उद्या शेवटचा दिवस.

१५ मे, सकाळी १०.०५
दुकानदाराचा फोन. "परत आणायलास का? नक्की सांग."
"सांगतो" म्हणून ठेवला. मामा शेजारी. ब्लेडने स्टिकर कापला. रेघ सरळ आली.
ब्राउझर उघडला. आकडा ७९. ठोकळ्यावर बोट ठेवले. कोमट! नुसता कोमट!
मापक त्या नखाएवढ्या चिपच्या आत आहे. एवढ्याशा जागेत उष्णता क्षणात चढते, आणि हा जाड ठोकळा तापायच्या आत काम संपलेले असते. मग तो ती ओढून घेतो, म्हणून आकडा लगेच खाली. उडी हा बिघाड नाही, चिपची रीतच ती!
मी ओरडलो. मामा दचकला. "चटका बसला का रे?"
"न्हाई मामा, बसलाच न्हाई!"

१५ मे, दुपारी २.१०
दुकानदाराला कळवले, परत आणत नाही. उडी समजली, टिकाव समजायचा आहे. निकाल लागले की दाखल्यांची गर्दी, तेव्हा थांबायला उसंत नसते. म्हणून दुकानावरचा पत्रा सर्वांत तापलेला असताना मोठे व्हिडिओ रूपांतराला लावले. पूर्ण ताकद. या प्रोसेसरची सोसायची हद्द १०० अंश.
२.१५ — ८१
२.२० — ८५
२.२५ — ८७. ठोकळ्यावर आता बोट टिकत नाही. पंखा पूर्ण वेगात.
२.३० — ८८
मामा ड्यूटीला निघाला होता, दारातच उभा आहे. "चढायलंय का थांबलंय?"
२.३५ — ८८
"थांबलंय वाटतं." "वाटतं नको, बघून सांग."
२.४० — ८८. "थांबलंय मामा, बघून सांगतो."