स्पृहाच्या फुंकेचा तक्ता

२ नोव्हेंबर, रविवार
स्पृहाला दमा आहे, असं डॉक्टरांचं मत. मुलगी आठ वर्षांची. मला निदान घाईचं वाटलं, पण वाद घातला नाही. घराण्यात कुणाला होता का, असं त्यांनी विचारलं. ठामपणे नाही म्हणालो. त्यांनी कागदावर श्वासनळी काढून दाखवली. आतलं अस्तर सुजतं, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो. श्वास बाहेर पडताना अडतो, म्हणून छातीत शिट्टी वाजते. तपकिरी पंप रोज, सूज उतरायला. निळा फक्त दम लागला तर. शिवाय एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं. जोरात फुंक मारायची, काटा सरकतो, आकडा लिहायचा. आज १५०.
संकल्प: दमा हे डिपार्टमेंट यापुढे माझं. माझी बायको मेघना वरळीच्या ऑफिसातून उशिरा येते आणि तिला तक्ते जमत नाहीत.

३ नोव्हेंबर
कारणांवर रिसर्च. संशयित: समोरच्या टॉवरचं सिमेंट, भिंतीची ओल, झुरळं, आईचा धूप. टॉवरवाल्यांना कडक पत्र लिहायला घेतलं. अर्धं झालं. मध्येच आई म्हणाली, तुका पण असोच दम लागायचो, बारा वर्सांचो होयसर. बारा वर्षांपर्यंतचा तो बाळदमा. तो धरत नाहीत. शिवाय माझा आपोआप गेला, म्हणजे हिचाही जाणार.

८ नोव्हेंबर
१५०, १४५, १५०, पुन्हा १४५. असं चालणार नाही. ऑफिसात टार्गेटशिवाय कुणी हलत नाही, फुप्फुसं तरी का हलतील? टार्गेट: महिनाअखेर २००. बक्षीस: राणीबाग, पेंग्विन. तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवला. १४५ लिहिताना माझा चेहरा पडला असावा, कारण स्पृहा बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मुलीला गांभीर्य आलं हे बरं झालं.

१२ नोव्हेंबर, सकाळी ७.१५
१७०. माझी दाढी चालू होती. तिने स्वतःच फुंक मारून आकडा सांगितला. यापुढे असंच करू. स्वावलंबन.

१५ नोव्हेंबर
१८०. तपकिरी पंपात स्टेरॉइड असतं, असं नेटवर वाचलं. ऑफिसातला अवधूत म्हणाला, पंपाची सवय लागते. त्याच्या मेव्हण्याच्या शेजाऱ्याला लागली. आकडा चढतोय तर औषध कशाला? बंद केला. डॉक्टरांनी बजावलं होतं की दम लागत नसला तरी सूज आत असतेच. ते सगळ्यांनाच तसं सांगत असणार. मेघनाला बोललो नाही. तिला आधीच टेन्शन असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
काल २००. टार्गेट आठवडाभर आधी पूर्ण. आज राणीबाग. पेंग्विनपर्यंत जाताना स्पृहा चार वेळा बाकावर बसली. खोकली. मेघनाने विचारलं, पंप देतोयस ना. हो म्हणालो. निळा देतोच की. मेघना मुलीकडे बघून घाबरते. मी आकड्यांकडे बघतो, म्हणून शांत असतो.

२७ नोव्हेंबर
२१०. पण दिवसभर शिट्टी, आणि निळा पंप पाच वेळा. दोन्ही गोष्टी जुळेनात. यंत्र बिघडलं असेल म्हणून स्वतः फुंक मारली. ४८०. यंत्र उत्तम आहे. मीही. म्हणजे शिट्टीतच काहीतरी चुकतंय.

२९ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ४.४०
शिट्टी बंद. छातीला कान लावून खात्री केली. काही म्हणजे काही आवाज नाही. दोन आठवडे तपकिरी पंपाशिवाय. स्पृहाला म्हणालो, जिंकलो आपण. ती बोलली नाही, नुसती मान हलवली. खाटेच्या कडेला हात टेकून बसलीय, खांदे वरखाली होतायत. दमली असेल. आज मेघनाला सगळं सांगून टाकेन. आधी चिडेल, मग पटेल.

३० नोव्हेंबर
परळला, हॉस्पिटलात. काल पाच वाजता मेघना आली, तिने स्पृहाचे निळसर ओठ पाहिले आणि चप्पलही न काढता तिला उचलून टॅक्सीत घातलं. मी मागून तक्ता घेऊन धावलो. तिथल्या डॉक्टरांनी तो वाचला आणि शिट्टी कधी थांबली ते विचारलं. वेळ सांगितली. ते म्हणाले, शिट्टी वाजायलासुद्धा हवा लागते. नळ्या इतक्या बंद झाल्या होत्या की हवा जात-येतच नव्हती. मग तपकिरी पंप कधी थांबवला, ते विचारलं. मेघनासमोरच. तारीख सांगितली. तिने डॉक्टरांच्या हातून तक्ता घेतला, मला परत दिला नाही. मला फार भीती वाटते.

२ डिसेंबर
स्पृहा वाचली. काल ऑक्सिजन काढला. आज नर्सने फुंक मारायला लावली. ९५.
मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. स्पृहाने माझ्या तोंडाकडे पाहिलं, नर्सकडून यंत्र मागून घेतलं आणि बोटाने काटा २१०वर सरकवला. सगळ्यांसमोर, सराईतपणे. मग मला दाखवला.
डॉक्टरांनी हळूच विचारलं, असं का करतेस. ती म्हणाली, कमी आलं की बाबा कसातरी दिसतो.
मला हसून दाखवायचं होतं. जमलं नाही. ते बघून तिचं बोट पुन्हा काट्याकडे गेलं.
डॉक्टरांनी मला पडद्याबाहेर थांबायला सांगितलं. मी समोर असेन तर खरा आकडा मिळणार नाही, म्हणाले. बाहेर उभा राहिलो. आत फुंकेचा आवाज आला. मेघनाने काहीतरी लिहून घेतलं. आकडा मला कुणी सांगितला नाही. मीही विचारला नाही.