चांदीच्या रेघेवरचे डाग

४ मार्च
दिवा लागला नाही. आजही नाही!

रेघ दिसायला देखणी, पण वीज म्हणाल तर टिपूसभर जात नाही. चहाच्या चोथ्याचा अर्क काढायचा, त्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करायचे, त्यांची शाई करून कागदावर रेघ छापायची — विषारी रसायन एकही नाही. इथवर सगळं छान. पण कण एकमेकांना चिकटले तरच रेघेतून वीज जाणार, आणि भट्टीत तापवल्याशिवाय हे महाशय ढिम्म हलत नाहीत. तापवलं की कागद करपतो. सर म्हणतात, "भट्टीच लावायची तर चहाचं एवढं कौतुक कशाला?"

पंधरा तारखेला तपासणीला पाहुणे येणार. तोवर बिनभट्टीचा दिवा लागला नाही तर तीन वर्षांचं काम गुंडाळायचं.

५ मार्च
नवऱ्यानं चोथा कुंडीत टाकला! आठवडाभराचा, नीट सुकवून ठेवलेला. वर म्हणतो, झाडालाही पर्यावरण लागतंच की. दोन तास बोलले नाही त्याच्याशी. त्याच्या लक्षातही आलं नाही.

६ मार्च
काकांनी वीट आणलाय. प्रयोगशाळेत तीस वर्षं झाली त्यांना. छापलेल्या पट्ट्या वाळवायचं काम त्यांचं. पण हातमोजे घालायचे नाहीत म्हणजे नाहीत. बोटं सदा घामेजलेली. पट्टी चिमटीत धरून उजेडात न्याहाळणार आणि माझ्या रेघेवर तपकिरी ठसा उठवणार. आज बावीसपैकी नऊ पट्ट्या गेल्या. डागाळलेली पट्टी मीटरला लावायचीच नाही, थेट बाद — हा नियम माझाच, आणि बरोबरच आहे तो.

सांगून सांगून जीभ झिजली. "मोज्यात बोटं आंधळी होतात, मॅडम," म्हणाले. 

७ मार्च
आज अकरा! सगळ्यांसमोर बोलले मी. जरा जास्तच. काका एवढंच म्हणाले, "मी हात धुतले होते, मॅडम." धुतले होते, मीही पाहिलं होतं. तरी सरांकडे लेखी तक्रार दिली. संध्याकाळपर्यंत काकांची गोदामात बदली.

वाईट वाटलं. पण माझं काम बुडतंय त्याचं काय?

११ मार्च
पट्ट्या स्वच्छ. एकही डाग नाही. एकही दिवा नाही.

१२ मार्च
तेच.

१३ मार्च


सरांना दाखवायला बाद पट्ट्यांचा डबा उपसला — बघा, असा माल घेऊन मी काम करत होते! बोलता बोलता मीटरच्या दोन्ही सुया एका डागावर टेकल्या. उगाच. मीटर वाजलं. वीज वाहिली तरच वाजतं ते.

ही पट्टी भट्टीत कधी गेलीच नव्हती. डागाबाहेर टेकवलं — गप्प. डागावर — वाजलं. दुसरी पट्टी. तिसरी. जिथे काकांचं बोट, तिथे वीज! सर म्हणाले, घाम म्हणजे काय, मीठच ना? एका स्वच्छ रेघेवर मिठाचं पाणी फिरवलं, पंख्याखाली वाळवलं, दिवा जोडला. लागला. मोहरीएवढा, हिरवा. मीठ लागताच कण आपले आपण चिकटतात, आणि मी तीन वर्षं त्यांना भट्टीत घालतेय!

सर टाळ्या वाजवत होते. मला मात्र ते डागच दिसत होते. वीस पट्ट्या मी मीटरला न लावताच फेकल्या होत्या. आणि पट्ट्यांबरोबर माणूसही.

१४ मार्च
सकाळी तक्रार मागे घेतली आणि गोदामात गेले. काका रिकाम्या बाटल्या लावत होते, मनगटापर्यंत रबरी मोजे घालून. मी काही बोलायच्या आत दोन्ही हात पुढे करून दाखवले. "आता चुकत नाही हं, मॅडम. घरीसुद्धा सराव केला."

माझ्याच्यानं वर बघवेना. म्हटलं, "काका, काढा ते."