ताई नव्हतीच

३ मार्च

ताई नव्हतीच म्हणे!

कार्टून मालिकेच्या नव्या पर्वाचे संवाद आले. त्यात नायकाला कळतं, की आपल्याला मोठी बहीण कधी नव्हतीच. मांत्रिकानं डोक्यात भरवलेली खोटी आठवण! पुलाचा दोर कापून ती दरीत गेली, याला वाचवलं — ते सगळं झालंच नाही. मेल्यावरही ती दर पर्वात याच्या स्वप्नात येऊन धीर द्यायची, तेही गेलं. डबिंगच्या डायरेक्टरबाई म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका, कथेची गरज आहे." वीस वर्षं मी तिचा आवाज दिला. घसा खरवडून दिला.

४ मार्च

लेकीला फोन केला. हसत सुटली. "शाळेत सांगायचे ना मी, माझे आईबाबा टीव्हीवर भाऊबहीण आहेत म्हणून! आता तिथंही तुमचा काडीमोड."

कार्टी! हसू मलाही आलं. फोन ठेवल्यावर मात्र रडू आलं.

९ मार्च

जुने भागही 'सुधारणार'. चित्रातून ताई पुसायची, ट्रॅकवरून मी. नायकाचा आवाज मात्र तसाच — म्हणजे आमच्या माजी नवरोबांचा. त्याचं कधी काही बिघडतं का? मुलाखती देत फिरतो, "हा नायक म्हणजे मीच." घर सोडून गेला तेव्हा अर्धे कपडे इथंच टाकले, पण नायकाचं चित्र असलेला कप तेवढा आठवणीनं नेला.

१२ मार्च

रेकॉर्डिस्टचा फोन. पुलाच्या सीनवर घोडं अडलंय!

बाकी सगळीकडे ज्याचा त्याचा आवाज वेगळा घेतलेला. त्या दिवशी दुसरा माइक बंद पडला होता, म्हणून आम्ही दोघं एकाच माइकपुढे, गालाला गाल लावून उभे राहिलो. तो "ताई, जाऊ नकोस!" ओरडतो आणि त्याच्या ओरडण्यावरच मी बोलते. नुकतंच लग्न झालं होतं तेव्हा. टेक संपला तरी यानं माझं मनगट सोडलं नाही. शेवटी बाहेरच्यांनी काच वाजवली.

"मॅडम, तुम्हाला काढलं की सरही जातात," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "वेगळं करून पाहिलं, नुसतं चिरकतं."

जाम बरं वाटलं! बसा आता बोंबलत.

१३ मार्च

माझा आनंद टिकायचा किती! बाईंनी तोडगा काढला — तो येऊन पुन्हा ओरडेल, एकटा. येईल की, एका पायावर येईल. त्या भूमिकेशिवाय त्याला आहे काय दुसरं? आणि माझ्यावाचून त्याचं काही अडलंय कधी?

१७ मार्च

आज त्याचं रेकॉर्डिंग. मी मुद्दाम कपाट आवरायला काढलं. चादरींच्या घड्या मोडल्या, पुन्हा घातल्या. फोनकडे बघायचं नाही असं ठरवून बघतच बसले. पहिल्या टेकमध्ये उरकलं असणार त्यानं. निर्लज्ज मेला!

१९ मार्च

न राहवून रेकॉर्डिस्टला विचारलं. म्हणाला, "सरांनी जुना सीन पूर्ण ऐकला. हेडफोन काढून ठेवला. 'ती होती' एवढंच म्हणाले आणि निघून गेले."

कंपनीनं त्याला काढलं. आता सगळ्या भागांत नायकाचा आवाज दुसराच कुणीतरी देणार.

मला कळवलंसुद्धा नाही मेल्यानं.