वरच्या मजल्यावरच्या विटा

अहो,

“माणसं आली की नुसती मान हलव, बाकी माझं बोलून झालंय,” असं काल तुम्ही म्हणालात. पूजा होईपर्यंत माझं मौन असतं, म्हणून मी खरंच नुसती मान हलवली. त्यांनी लगेच बैठकीतलं विटांचं धुराडं फोडायला घेतलं.

पूजेनंतर मी दोन्ही कंत्राटदारांचे दरांचे कागद वाचले. छपरापर्यंत सगळं काढायचे अकरा लाख येन, या माणसांचे फक्त खालचं काढायचे चार. मला “सगळं निघेल” सांगून तुम्ही चार लाखांवर सही केलीत. मग वरच्या विटा कशावर उभ्या राहणार? त्या निहारच्या पलंगाला लागूनच वर जातात.

छताला भेग पडलेली दिसली तेव्हा मी काम थांबवलं. मुकादम गोंधळून म्हणाला, “बाईसाहेब, सकाळी तुम्हीच मान हलवलीत ना?” तेवढी चूक माझी. त्यांनी तात्पुरते टेकू लावलेत, तरी वर पाऊल टाकू नका. निहारची गादी मी देवाच्या खोलीत आणली आहे. मुगाची खिचडी कुकरमध्ये आहे.

अकरा लाख सांगणाऱ्या दुसऱ्या कंत्राटदाराला, शिराइशीसानना, फोन केला. ते म्हणाले, “तुमच्या मिस्टरांनी मला लुटारू म्हटलं होतं.” मी त्यांना म्हटलं, आज पाचच्या आत स्वतः येऊन माफी मागते आणि सही करते. घर दोघांच्या नावावर आहे.

तुम्ही रागवाल, ते मला माहीत आहे. निहारला शाळेतून घेऊन मी फुनाबोरीला शिराइशीसानच्या ऑफिसात निघते आहे.

जयंती