पिवळी वायर

३ फेब्रुवारी

आज धाकट्या लेकाच्या नव्या घरी राहायला आले, कायमची. थोरल्याकडचे जिने माझ्या गुडघ्यांना सोसेनात आणि इथे लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये आरसाही आहे, म्हणजे वर पोचेपर्यंत केस नीट करून होतात. खोली मला नातीबरोबर मिळाली. ती सदा काहीतरी कुरतडत असते म्हणून मी तिला खारू म्हणते. कॉलेजात जाते, पण बिस्किटाचा चुरा अजून गादीवरच सांडते. (खारू म्हणते हे लिहिणार नाही. लिही गं.)

वहीची कल्पना तिचीच. मी बोलायचं, तिने उतरवून घ्यायचं. मला अक्षर येत नाही. म्हटलं, चालेल, जन्मभर माझं कुणी ऐकलं नाही, निदान लिहून तरी घ्या.

घर छान आहे. न्हाणीघरात गरम पाणी कोणत्या नळाला यायचं हे अजून त्या नळांचंच ठरलेलं नाही. सून म्हणाली, आई, तुम्ही आलात, आता घराला घरपण आलं. मी म्हटलं, थांब, महिन्याभराने पुन्हा विचारते.

६ फेब्रुवारी

लेकाने गाडी घेतली आहे. कुणीतरी वापरलेली, पण चकचकीत. रोज तो बसनेच कामाला जातो, गाडी खाली तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी असते. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी तिच्या दाराला धडक देऊन पोबारा केला. म्हणून हा कॅमेरा आला. काचेला चिकटतो, पुढेही बघतो आणि आत मागच्या सीटपर्यंतही. गाडी बंद असताना त्याने जागं राहावं म्हणून त्याची वायर थेट फ्यूजच्या डबीत जोडायची.

इंजिनिअर लेक सकाळपासून डोकं खाली, पाय वर. वायरी तीन. काळी पत्र्याला, लाल किल्ली फिरवल्यावर जिथे वीज येते तिथे, आणि पिवळी जिथे वीज कधीच जात नाही तिथे. हे मला वायरी धरून बसवल्यामुळे पाठ झालं. त्याला मात्र होईना. आधी लाल आणि पिवळीची अदलाबदल, मग एक फ्यूज उडाला, मग पुढच्या काचेच्या कडेचं प्लास्टिक काढताना क्लिप तुटली. सून वरून विचारायला आली की आज जेवायला यायचंय का गाडीतच पाठवू.

संध्याकाळी लागला एकदाचा. मी म्हटलं, बाबा, गाडीला आता झोपूच देणार नाहीस, तर ती जागेपणी करणार काय? तो हसला नाही.

१० फेब्रुवारी

गुडघ्याच्या व्यायामाला गाडीने जातो. खारू माझ्याशेजारी मागे. पहिल्याच फेरीत मी चालत्या गाडीत दाराची दांडी ओढली, म्हणून लेकाने माझ्या बाजूला लहान मुलांचं लॉक लावलंय. आतून उघडत नाही. आता बाहेरून कुणी दार उघडेपर्यंत मी महाराणीसारखी बसून राहते.

खारू काचेवर फुंकर मारून वाफ करते आणि बोटाने अक्षरं काढते. आजी, हा अ. मला तो बसलेला बेडूक दिसला. आ म्हणजे बेडकाशेजारी काठी. रोज एक शीक म्हणते. मी म्हटलं, या वयात बेडूक पकडायला नको लावूस.

कॅमेरा बाईच्या आवाजात बोलतो. गाडी सुरू केली की सांगतो, पार्किंगमध्ये हालचाल नोंदली. या घरात विचारायच्या आधी उत्तर देणारी तीच एकटी.

१३ फेब्रुवारी

बॅटरी मेली. व्यायाम हुकला. इलेक्ट्रिशियन आला, मीटर लावून बघितलं, म्हणाला वायरी बरोबर आहेत. कॅमेरा चिमूटभर वीज खातो, मग ही एवढी कोण पितंय? लेक म्हणाला, ते तुम्ही सांगायचं. तो म्हणाला, गाडी तुमची आहे. दोघं बराच वेळ एकमेकांवर वैतागून उभे. नवी बॅटरी बसवली.

मग फोनवर कालची फिल्म लावली. रिकामी गाडी. मागच्या सीटचा पट्टा आपोआप ओढला गेला आणि खट्कन लागला. माझ्या जागेवरचा. लेक म्हणाला, स्प्रिंग बिघडली असेल. स्प्रिंग पट्टा मागे ओढते, पुढे नाही, एवढं मलाही कळतं.

१७ फेब्रुवारी

आज फार राग आलाय. खारू, भराभर लिही.

फिल्ममध्ये मी आहे. माझी राखाडी शाल, माझा अंबाडा, माझ्याच जागेवर मी. भर दुपारी. लेक विचारतो, आई, तू खाली जाऊन गाडीत का बसतेस? अरे, मी त्या वेळी तुझीच चादर घडी करत होते! पण घरात कुणी नव्हतं, आणि किल्ली दाराजवळच्या खुंटीवर माझ्या हाताशी. सून आवाज मऊ करून म्हणाली, आई, होतं असं कधीकधी. तो मऊ आवाज मला थपडेसारखा लागला.

समोरची बाई त्याच वेळी तिच्या गाडीजवळ होती. तिला विचारलं तर म्हणाली, तुमची गाडी रिकामी होती. म्हणजे डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. हे मी लेकाला सांगितलं. त्याने कपाळ चोळलं.

१९ फेब्रुवारी

पुन्हा दिसली. या वेळी ती काचेवर फुंकर मारून बोटाने बेडूक काढत होती. आधी वाकडे, मग सरळ. अ. आ. पुढचीही, जी खारूने मला दाखवली आणि मी शिकले नाही.

मी ओरडलेच. बघा, लिहितेय! मला येतं का लिहिता? मग ती मी कशी? आता तरी पटेल असं वाटलं. तर लेक कौतुकाने म्हणतो, आई, गुपचूप शिकतेस होय!

भिंतीवर डोकं आपटावं असं झालं. एकट्या खारूचा चेहरा पडला. ती रात्री माझ्या पांघरुणात आली.

२२ फेब्रुवारी

खारूने हट्ट केला म्हणून लेकाने पिवळी वायर काढली. तेव्हापासून सगळं शांत. कॅमेरा मुका, बॅटरी ठणठणीत. गाडीतली ती वीज मिळाली की उठते, नाही मिळाली की नसते. मी त्याला एवढंच सांगत होते.

२४ फेब्रुवारी

गाडीला नवा ओरखडा. लेकाने चिडून वायर परत जोडली. आम्ही दोघी हात जोडून मागे लागलो. तो म्हणाला, पुरे आता तुमचं. कुणाचंही ऐकायला तयार नाही.

सून थोरल्याशी फोनवर बोलत होती. डॉक्टर. गोळ्या. मग तिकडेच परत पाठवू. मला ऐकू कमी येतं असं तिला वाटतं.

२६ फेब्रुवारी

फिल्म बघणंच बंद केलंय त्याने. कॅमेरा बोलला की गप्प करतो. खारूने लपून बघितलं. म्हणाली, आता पूर्ण वाक्यं लिहिते. कसली, ते सांगेना. नुसती रडली.

उद्या मीच खाली जाते. माझी शाल पांघरून माझ्या जागेवर बसणारी कोण, ते तिलाच विचारते. वेडी ठरून परत जायची नाही मी.

२७ फेब्रुवारी

(हे फोनवरून. खारू वर, मी खाली. लिही गं, थांबू नकोस.)

गाडी रिकामीच आहे. दाराच्या काचेवर धूळ — धुळीत बोटाने लिहिलंय. काय? मला काय ठाऊक, सगळे बेडूक. फोटो काढू? मला येतो का तो काढता — राहू दे. आत बसते.

बसले. सीट ऊबदार आहे, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

दार लागलं. मी नाही लावलं —

खारू, बाहेर कुणीतरी — पाठमोरी — माझी शाल — शाल तर माझ्या अंगावर —

आतून उघडत नाही. लॉक. बाहेरून उघड म्हणावं — हसतेय ती. लिफ्टकडे चाललीय, गुडघा न धरता, झपाझप —

खारू, दाराला कडी लाव. ती मी नव्हे. लिही, ती मी न

२८ फेब्रुवारी

आज खारूला बसवलं नाही. माझं मीच लिहिते. अक्षर जरा बसलेल्या बेडकासारखं येतं, पण येतं.

काल ती धावत खाली आली, तेव्हा मी लिफ्टपाशीच उभी होते. गाडीत डोकावली. रिकामी. आजी, तुझा फोन कुठाय, म्हणाली. हरवला म्हटलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, नुसती माझ्या हाताकडे बघते. बाकी सगळे खूश आहेत. सून म्हणाली, आई, एका दिवसात किती फरक पडला. लेकाने मला जिना चढताना पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

काचेवर मी स्वच्छ लिहिलं होतं. तू आत, मी बाहेर. वाचता आलं असतं तर ती बसली नसती.

खाली गाडीत ती काचेवर थापा मारते. फक्त मला ऐकू येतं. पण कॅमेऱ्याला दिसत असेल, तेवढंच एक राहिलं. म्हणून लेकाला म्हटलं, काढून टाक तो कॅमेरा, माझ्यामुळे तुला फार ताप झाला. खारू त्याच्या पायाशी बसली. बाबा, एकदा, फक्त आजची फिल्म बघा, माझी शपथ. तो म्हणाला, झाल्या तेवढ्या फिल्म्स पुरे. पक्कड घेऊन खाली गेलाय.

खिडकीशी बसून लिहिते आहे. ऊन किती छान आहे. आता त्याने डबी उघडली असेल. पिवळी वायर निघाली की ती कधीच कुणाला दिसणार नाही, आणि मी