अकरा कामांचा चाकू, दहा बोटं

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी साडेसात.
आजपासून रोजनिशी. आजपासून नोकरीही. गुलाबांच्या नर्सरीत. ताईनं मालकीणबाईंकडे शब्द टाकला म्हणून घेतलं, असं ताईचं म्हणणं. माझ्या मते त्यांनी माझी बोटं बघितली. लांब आहेत. कलाकाराची.

निघताना ताई म्हणाली, बाबा रे, ही सातवी नोकरी. माझं शिवणकाम निम्म्यावर आलंय, दोघांचं भागत नाही. ही टिकली नाही तर मामाच्या सिमेंटच्या गोडाऊनवर जायचं, मी आता कुणाकडे शब्द टाकणार नाही. म्हटलं, ताई, निर्धास्त राहा. आणि तिला माझा चाकू दाखवला. घडीचा आहे, खिशात मावतो, पण आत अकरा हत्यारं. करवत, कात्री, बूच काढायचा स्क्रू, दातकोरणं. एक कशासाठी ते अजून कळलेलं नाही. बहुतेक माशांसाठी. ताई म्हणाली, अकरा कामं येतात त्याला, तुला एक तरी येऊ दे.

संकल्प: पंधरा दिवसांत नर्सरीतला सगळ्यात वेगवान कारागीर.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
काम सोपं आहे. त्याला म्हणतात डोळा भरणं. चांगल्या गुलाबाच्या फांदीवरून डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला बारीक कोंब, सालीच्या कपच्यासकट काढायचा. जंगली गुलाबाच्या खोडाला चीर द्यायची, साल उचकटायची, डोळा आत सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी. झालं. काकांनी करून दाखवलं. काका म्हणजे मुख्य कारागीर. तीस वर्षं हेच करतात आणि तीस वर्षांत एकदाही बोट कापलेलं नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. शेवटी ते डोळ्याची वरची बाजू, खालची बाजू असं काहीतरी सांगत होते, तेवढ्यात एक मांजर शेडच्या पत्र्यावरून थेट पाण्याच्या टाकीवर उडालं. काय उडी! बाकी सगळं नीट समजलं.

मग चाकू उघडला. म्हणजे उघडायला गेलो तर कात्री निघाली. ती बंद करताना करवत निघाली. पातं सापडलं तेव्हा ते अंगठ्यात होतं.

इथला नियम: बोट कापलं की त्या दिवशी झाडाला हात लावायचा नाही. रक्ताचा हात लागला की डोळा कुजतो म्हणे. त्याऐवजी कोपऱ्यातल्या दगडावर बसून सगळ्यांच्या चाकूंना धार लावायची. पहिला दिवस धार लावण्यात गेला. पण पहिला दिवस तसाही धरायचा नसतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
आज माझा चाकू काकांनी कपाटात ठेवून घेतला. नर्सरीचा साधा घडीचा दिला. एकच पातं, लाकडी मूठ. अपमान गिळला. पातं धारदार आहे का ते अंगठ्यानं बघितलं. आहे. कालच मी धार लावली होती.
पुन्हा दगड.

५ फेब्रुवारी, बुधवार.
कापलं ते काम करताना नाही. चाकू मिटताना. फरक आहे. मधलं बोट घडीत राहिलं. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, पुन्हा आलास? म्हटलं, हे वेगळं बोट आहे. त्या म्हणाल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन सोमवारीच झालंय, त्याच्यावर दहाही बोटं चालतील, घाई करू नकोस.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
विचार केला. दोष पद्धतीत आहे. मी कापून घेतो, म्हणून मी धार लावतो, म्हणून चाकू आणखी धारदार होतो, म्हणून मी कापून घेतो. काकांना समजावून सांगितलं. काका म्हणाले, यातलं पहिलं सोड, बाकीचं आपोआप सुटेल. जुनी माणसं. मुळाशी जायची सवय नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार.
एकूण पाच बोटं. ताईनं विचारलं, एवढं कापतंच कसं तुला? म्हटलं, बाहेरून बघणाऱ्याला तसं वाटतं. बघ, असा धरायचा, असा ओढायचा, बोट या बाजूला ठेवलं की काही होत नाही. सहा.
ताईनं पट्टी बांधली. त्यासाठी शिवायला आलेल्या उशांच्या अभ्र्यांचा ढीग बाजूला सारला. ढीग मागच्या महिन्यात यापेक्षा उंच होता.
संकल्प: सोमवारपासून एकही जखम नाही. रविवारी विश्रांती, म्हणजे रविवारची हमी.

९ फेब्रुवारी, रविवार.
बँडेजचं पाकीट उघडेना. दातांनी फाटेना, ताई तिच्या कात्रीला हात लावू देत नाही, म्हणून भाजीची सुरी घेतली. सात.

१० फेब्रुवारी, सोमवार.
मालकीणबाई दगडाजवळ येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आठवडा झाला, तू एकही डोळा भरला नाहीस. म्हटलं, पाया पक्का करतोय. म्हणाल्या, पुढच्या सोमवारी ठरवू, तुझ्या ताईच्या शब्दासाठी थांबतेय. बाई मोठ्या मनाच्या आहेत. ताईला सांगितलं, मालकीणबाई माझ्यासाठी थांबल्या आहेत. ताईनं कपाळावर हात मारला. आनंदानं असावा.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
धार लावताना कंटाळा येतो म्हणून प्रयोग केला. आधी खरखरीत दगड, मग गुळगुळीत दगड, मग माझ्या कमरेचा चामडी पट्टा. पातं पट्ट्यावर उलटसुलट पन्नास वेळा. पीस पडलं होतं कबुतराचं, ते वरून पात्यावर सोडलं. दोन पिसं खाली आली. मग बराच वेळ पिसं शोधत फिरलो. नर्सरीमागं भिंतीपलीकडे कबुतरांचं मोठं खुराडं आहे. त्याचा मालक बोलका आहे. जेवणाची सुट्टी तीनपर्यंत चालली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.
हुशारी म्हणजे काय ते आज दाखवलं. सोमवारपासून माझ्या चाकूला हातच लावला नाही. त्यामुळे सगळ्या जखमा सुकल्या. बाकीच्यांच्या पाचही चाकूंना पट्ट्याची धार लावून ठेवली. बोट कापलेलं नसताना, नियम नसताना, स्वखुशीनं. याला म्हणतात टीम स्पिरिट.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
आज इतकं झालं की एका पानात मावणार नाही. (आणि एकही बोट कापलेलं नाही!)

सकाळी काळसर लाल गुलाबाच्या फांद्यांचा भारा आला. दुर्मिळ जात. मालकीणबाई तीन वर्षं तिच्या मागं लागल्या होत्या. फांद्या आल्या की सुकायच्या आत डोळे भरावे लागतात, उद्यापर्यंत फार तर. साठ डोळे. मालकीणबाईंनी भारा स्वतः उचलून आणला, तान्हं मूल आणावं तसा.

आठ वाजून दहा: डोळे भरणाऱ्या दोघी बहिणींपैकी थोरली ओरडली. अंगठा.
आठ वाजून बारा: तिला बघायला वळलेली धाकटी ओरडली. तर्जनी.
साडेआठ: पैलवान. म्हणजे कुंड्या उचलतो तो. डोळेही भरतो. एवढा मोठा माणूस, आई गं म्हणून खाली बसला.
त्यांना वर्षानुवर्षं जोर लावून कापायची सवय. चाकू आता जोर मागत नव्हता.
काका म्हणाले, हात हलका ठेवा रे, हे बघा असा. सगळ्यांनी बघितलं. तीस वर्षं संपली.

दगडाजवळ जागा पुरेना. चौघं पट्ट्या बांधून रांगेत बसलेले आणि काका बोटाकडे असे बघत होते जसं काही ते शेजाऱ्याचं आहे. पाचवा कारागीर रजेवर, मालकीणबाईंना हे काम येत नाही. आख्ख्या नर्सरीत रक्त नसलेले हात एकाचेच!

मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग आकाशाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. म्हणाल्या, कर.

केलं. साठच्या साठ. पाच तासांत. हात हलका, पातं लोण्यासारखं. काका दुखऱ्या बोटामुळे दवाखान्यात गेले होते, त्यामुळे मधेमधे टोकणारं कुणी नाही. एक जखम नाही. एक थेंब नाही. शेवटची पट्टी गुंडाळली तेव्हा धाकटीनं टाळ्या वाजवल्या, एका हातानं मांडीवर.
ताईला सांगितलं. ताई रडली. म्हणाली, खरंच? सगळे? मग तिनं कित्येक दिवसांनी मशीन बंद करून माझ्याबरोबर बसून गरम जेवण केलं. मामाला फोन करून सांगते म्हणाली, की याचं आता जमलं.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी आठ.
नर्सरीतून निरोप आला, लगेच या. रविवार असून. ताई म्हणाली, मीही येते, बाईंचे आभार मानायचेत. बहुधा सत्कार. शर्ट इस्त्री केला.

त्याच दिवशी. दुपारी.
सत्कार नाही.
काकांनी पट्ट्या उकलून बघितल्या होत्या. डोळे उलटे भरलेत. शेंडा जमिनीकडे, बूड आभाळाकडे. साठच्या साठ. काका म्हणाले, एखादा तरी चुकून सुलट बसला असता रे, माणूस इतका सातत्यानं कसा चुकेल? मी म्हटलं, सातत्य हाच माझा गुण.
मालकीणबाई कुंडीवर बसून होत्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं. त्यांनी फक्त विचारलं, काका, वाचतील? काका म्हणाले, आत्ताच्या आत्ता काढून सुलट केले तर वाचतील, पण हात कुणाचे? आमच्या चौघांच्या जखमा अजून ओल्या.
मी म्हटलं, माझे! आणि त्वरेनं चाकू उघडला. आठ.

मग ताई पुढं झाली. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, काका, मला सांगा, मी शिवणारी बाई आहे, बारीक कामाची सवय आहे मला. काका शेजारी बसून बोटानं दाखवत होते, पट्टीवाल्या. ताईनं पहिला डोळा फिरवायला दहा मिनिटं घेतली. दुसरा चार. दहाव्यानंतर काका बोलायचे थांबले. पैलवान पाणी घेऊन उभा. मी दगडावर.
साठ. एकही बोट नाही. शेवटी तिनं चाकू मिटला, असा, अंगठा मागं ठेवून, एका हातानं. कुणी शिकवलं नव्हतं.
मालकीणबाई उठल्या आणि ताईला म्हणाल्या, उद्या आठला येशील?

१७ फेब्रुवारी, सोमवार.
ताई आठला गेली. नोकरी तीच, जागा तीच, फक्त माणूस वेगळा. शांतपणे बघितलं तर ताईला ही नोकरी मीच लावून दिली. मी नसतो तर तिला नर्सरीचं दार तरी दिसलं असतं का? मामाला फोन करून हे समजावलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तू गोडाऊनवर येऊ नकोस, पोती फाटतील.

म्हणजे इथंच राहायचं. घर मी बघणार, स्वयंपाक मी करणार, ताईचा डबा मी भरणार. संकल्प: महिन्याभरात उत्तम आचारी. निघताना ताईनं सुऱ्या कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. म्हणाली, आजपासून हातानं मोडता येईल तीच भाजी.
चार तास झाले. भोपळा मोडत नाही.