छातीवरचा बिबा

बाबा, बिब्याचा वास मला अजून सोसत नाही. परवा शेजारच्या बाईनं दुखऱ्या गुडघ्याला बिबा घातला, तर मी नाकाला पदर लावून दार लोटून घेतलं. तिला राग आला. येऊ दे. तुमच्या छातीवर बिबा घालताना दिवा मीच धरत होते, हे तिला काय ठाऊक? माय सुईला टोचलेला बिबा ज्योतीवर धरायची, काळं तेल सुटलं की तुमच्या डाव्या छातीवर एकेक ठिपका द्यायची. दोन दिवसांत तो उतायचा. कातडी फुगायची, पाणी वाहायचं, माशा घोंगावायच्या, आणि फडक्यानं ते पाणी टिपायचं काम माझ्याकडे. जखम सुकते न सुकते तोच पुन्हा कळ, पुन्हा बिबा. बापाची किळस येऊ नये म्हणतात. मला आली, आणि ती अजून गेलेली नाही.

आपला भाजीचा मळा, वाशीमच्या बाजारात माळवं जायचं, खाऊन-पिऊन घर सुखी होतं. ताईला कामरगावला दिलं होतं. पहिल्याच बाळंतपणात ती गेली. निरोप आला तेव्हा तुम्ही मोट हाकत होता. बैल सोडलेत, घरी येऊन भाकर खाल्लीत, आणि तिचं नाव पुन्हा कधी काढलं नाहीत. त्यानंतरच तुमची छाती दुखायला लागली. माय माहेरी निघाली, कळ आली. मी मावशीकडे आसेगावला निघाले, कळ आली. दर वेळी गाडी जुंपलेली सोडायची आणि दिवा पेटवायचा. मग मी सातवी पास झाले. शाळेतल्या बाईंनी अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी माझं नाव पाठवलं आणि मला जागा मिळाली. ते पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवलं, कारण तुम्हाला अक्षर येत नव्हतं. तुम्ही ऐकलंत आणि वांग्याच्या वाफ्यात मटकन बसलात. घाम, धाप, हाताला मुंग्या. त्या खेपेला मायही घाबरली आणि तिनं तुम्हाला माझ्यासोबत वाशीमला दवाखान्यात पाठवलं.

डॉक्टर बाहेरगावचे होते. तुमचा सदरा वर केल्यावर बिब्याचे व्रण पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं. मला शरम वाटली आणि बरंही वाटलं, की किळस येणारी मी एकटी नाही. त्यांनी नळी लावून पुढून ऐकलं, मागून ऐकलं, जिना चढायला लावला, पुन्हा ऐकलं. म्हणाले, "काळीज ठणठणीत आहे तुमचं. धास्तीनं छाती अशी आवळते. दुखतं ते खरंच दुखतं, पण ते हृदयाचं नाही." तुमचा चेहरा असा झाला, जसं कुणी भर बाजारात थोबाडीत मारली. "म्हंजे मी सोंग करून राह्यलो काय, डाक्टरसाहेब?" ते म्हणाले, सोंग नाही हो, खरं दुखणं आहे. मग हळू आवाजात विचारलं, "घरातलं कुणी गेलंय का एवढ्यात?"

तुम्ही म्हणालात, "नाई. कोनी नाई."

बाबा, बिब्याचं पाणी मी विसरेन एखाद वेळी, पण त्या 'नाई'ची शिसारी मरेपर्यंत जायची नाही. ताई तुमची पहिली लेक. तिला कडेवर घेऊन तुम्ही मळा दाखवायचात, असं माय सांगायची. एक 'हो' म्हणाला असता तर काय झालं असतं? कदाचित तिथंच बाकावर बसून रडला असता. रडणाऱ्या बापाला मी हाताला धरून घरी आणलं असतं, त्याची मला लाज वाटली नसती.

घरी आलो तर ओसरी माणसांनी भरलेली. दुखणाईत माणसाला भेटायला आलेली मंडळी, चहा फुरफुरत पिणारी, तुमच्या छातीकडे टक लावून पाहणारी. तुम्ही खाटेवर टेकलात आणि सांगितलंत, "डाक्टर म्हने, काळजाले जपा. धक्का बसू देऊ नोका." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "खोटं हाय. डाक्टर म्हनले काळीज चांगलं हाय, धास्तीनं दुखते." आत्या कडाडली, "बाप मरून राह्यला अन् या पोट्टीले शायेची पडली!" मायनं माझ्या तोंडात मारली. तुम्ही डोळे मिटून पडून होता. डोळे उघडून एकदा तरी 'पोरगी खरं बोलते' म्हणाला असता! ट्रेनिंगची मुदत टळली आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही माझं लग्न लावलंत. सासर मुद्दाम हाकेच्या अंतरावर पाहिलं होतंत. कन्यादानाला तुम्ही दिवसभर उभे होता, आणि कळ आली नाही. पुढं कितीतरी वर्षांनी गेलात ते काविळीनं. काळजाला शेवटपर्यंत काही झालं नाही.

हे सगळं आज काढायचं कारण सांगते. नात नागपूरला शिकायला निघाली. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या छातीत कळ उठली. तीच, डाव्या बाजूला, आवळत जाणारी. गेल्या वर्षी अशीच आली तेव्हा माझ्या डॉक्टरनं छातीचा कागद काढून हेच सांगितलं होतं, आजी, हृदय छान आहे, काळजी कमी करा. म्हणजे तुमचं दुखणं खरं होतं, बाबा. एवढं मी तुम्हाला देते. सोंग नव्हतं ते. पण त्याच्या आडून तुम्ही मला खाल्लंत, हेही तितकंच खरं आहे, आणि ते मी माफ केलेलं नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आलेला कागद माझ्याच तोंडून ऐकायचात. हा मी लिहिलेला कागद वाचून दाखवणार नाही, घरातच राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. नात निघाली तेव्हा छातीवर जाणारा हात मी मांडीखाली दाबून बसले. हसून 'जा माय' म्हणाले. तिला काही कळलं नाही, ती उड्या मारत गेली. आणि तिनं एकदाही वळून पाहिलं नाही, याचा मला राग आला.